दोन गोल्डफिश आणि वन बीएचके: टँक केवढा, कुठे आणि कसा

प्रश्न थोडक्यात असा. भांडुपला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. वाढदिवसाला दोन गोल्डफिश भेट आले. एक गोलमटोल, दुहेरी शेपटीचा ओरांडा. दुसरा सडपातळ, लांब एकेरी शेपटीचा लाल. दोन्ही जेमतेम दोन इंची. सध्या ८ लिटरच्या गोल बाउलमध्ये आहेत. नळाला पाणी सकाळी दोन तास. दोन फुटी टँक घेतला तर चालेल का, तो कुठे ठेवायचा, आणि घरचे म्हणतात तसे वास्तूसाठी ‘आठ लाल, एक काळा’ असे नऊ मासे ठेवता येतील का?

आधी थेट उत्तर. दोन फुटी टँक पुरणार नाही. ओरांडा आणि त्याच्याच जातकुळीचा आणखी एक मासा, एवढ्यासाठी ३ × १.५ × १.५ फुटांचा टँक करून घ्या. एकेरी शेपटीचा मासा, म्हणजे कॉमेट, वन बीएचकेतल्या कुठल्याही टँकमध्ये आयुष्यभर मावत नाही. त्याची वेगळी सोय लागेल, ती शेवटी सांगतो. नऊ मासे विसरा.

टँक तयार होऊन यायला आठ-दहा दिवस जातील. तोवर मासे बाउलमध्ये ठेवू नका. आजच ५०-६० लिटरचा नवाकोरा प्लास्टिकचा टब आणा. साबण कधीच न लागलेला हवा, कारण साबणाचा अंश कल्ल्यांना भाजतो. टबात एअर पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर लावा, वरून मच्छरदाणीची जाळी बांधा आणि रोज तिसरा हिस्सा पाणी बदला. टब दिसायला काही खास नसतो, पण त्यात मासा नीट श्वास घेतो. शिवाय हाच स्पंज पुढे मोठ्या टँकमध्ये जायचा आहे, म्हणून तो आजपासून चालू झालेला बरा.

बाउल का नको? गणित करून बघा. गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं लवकर पुढे सरकतं, आणि प्रथिनांतला नायट्रोजन अमोनियाच्या, म्हणजे माशाला विषारी असलेल्या द्रव्याच्या रूपाने मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. ३५ टक्के प्रथिनांचं १ ग्रॅम खाद्य खाल्लं की सुमारे ३० मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. तुमचे दोन चिमुकले मासे दिवसाला ०.२ ग्रॅम खात असतील, म्हणजे ६ मिलिग्रॅम. बाउलमध्ये प्रत्यक्ष पाणी साडेसहा लिटर असेल, तर एका दिवसात लिटरला जवळपास १ मिलिग्रॅम झाला. १५० लिटरमध्ये हाच आकडा ०.०४ येतो. आणि मासे वाढल्यावर खाणं ०.२ ग्रॅमवर थांबत नाही. तळहाताएवढा ओरांडा एकटा दिवसाला ग्रॅमभर खातो. वर बाउल गळ्यापर्यंत भरला की पाण्याचा पृष्ठभाग आक्रसतो, आणि ऑक्सिजन आत येतो तो पृष्ठभागातूनच.

‘मासा टँकच्या मापानेच वाढतो’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येईल. वाढ खुंटते हे खरं आहे, पण ती साचलेल्या घाणीमुळे खुंटते. असा मासा दोन-तीन वर्षांत जातो. नीट ठेवलेला गोल्डफिश १०-१५ वर्षं सहज जगतो. ओरांडा १५ ते २० सेंटिमीटर होतो, कॉमेट २५-३० सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणून टँक विकत घेताना समोरचा दोन इंची मासा डोळ्यांपुढे ठेवू नका.

माप ठरवायचं कसं

बहुतेक जण आधी मासे ठरवतात, मग टँक, आणि पाणी बदलण्याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. मुंबईत हे उलट्या क्रमाने करा. दर आठवड्याला तुम्ही किती पाणी साठवू, उचलू आणि ओतू शकता, ते आधी ठरवा. गोल्डफिशसाठी आठवड्याला ४० ते ५० टक्के पाणी बदलावं लागतं. दोन तासांच्या नळात घरचं सगळं पाणी भरून वर ७०-८० लिटर काढता येत असेल, तर तुमचा टँक १६० लिटरपर्यंतचा. त्यावरून मासे किती ते ठरतं: गोलमटोल जातीच्या पहिल्या माशाला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर. म्हणजे १६० लिटरमध्ये दोन मासे ऐसपैस, तीन दाटीवाटीने.

मुंबईत टँक फुटांच्या मापात मिळतात. लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणा आणि २८ ने गुणा, लिटर मिळतील. २ × १ × १ चा टँक ५६ लिटरचा. वरची मोकळी जागा, खडे, फिल्टर वजा जाता पाणी ४५ लिटर. एका ओरांड्यालाही ते वर्षभरात अपुरं पडतं. ३ × १.२५ × १.२५ मध्ये ११० लिटर पाणी बसतं; दोन माशांसाठी ही किमान पायरी. ३ × १.५ × १.५ मध्ये १६० लिटर बसतं आणि भिंतीलगत जागा तेवढीच लागते, फक्त तीन इंच अधिक पुढे येते. उंच, अरुंद ‘टॉवर’ टँक घेऊ नका. तेवढ्याच पाण्यात त्यांचा पृष्ठभाग कमी असतो आणि तळ साफ करताना खांद्यापर्यंत हात भिजतो.

नऊ माशांचं काय, तर वरच्या हिशेबाने त्यांना जवळपास ४०० लिटर पाणी आणि आठवड्याला २०० लिटरची बदली लागेल. घरात तेवढी जागा आणि पाणी असेल तर जरूर ठेवा. दोन फुटी टँकमध्ये नऊ कोंबून आणायचं भाग्य मात्र महिन्याभरात एकेक करून तरंगू लागतं. ईशान्य कोपरा हवाच असेल, तर तिथे दोनच मासे ठेवायला काही हरकत नाही.

वजन, स्लॅब आणि स्टँड

३ × १.५ × १.५ चा भरलेला टँक म्हणजे १६० किलो पाणी, ८ मिमी काचेचे ३३ किलो, स्टँड आणि खडे धरून एकूण सव्वादोनशे किलो. तीन धट्टीकट्टी माणसं एकमेकांना खेटून कायमची उभी राहिल्यासारखा हा भार आहे. राहत्या खोलीच्या स्लॅबला भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा वापरभार धरलेला असतो, आणि हा टँक ०.४२ चौरस मीटरवर उभा राहतो. तरी धोका नाही, कारण स्लॅब तो भार आजूबाजूला पसरवतो. अट एवढीच, की टँक बीमवर किंवा बीमलगतच्या भिंतीशी लांब बाजू टेकवून ठेवलेला असावा. खोलीच्या मधोमध नको.

दोन ठिकाणी मात्र ठाम नाही म्हणा. एक, बाल्कनी आत घेऊन वाढवलेली खोली. तो भाग बहुधा टांगता स्लॅब असतो आणि त्यावर आधीच खिडकी, ग्रिल, भिंतीचा भार चढलेला असतो. दोन, गिरगाव-लालबागकडच्या जुन्या चाळींतली लाकडी वाशांची जमीन. तुमची इमारत आरसीसीची असली तरी, गळती किंवा उघड्या पडलेल्या सळ्या दिसत असतील तर सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आधी पाहा.

काच: दीड फूट उंचीला ८ मिमी. दुकानदार ५ मिमीत करून देतो म्हणाला तर दुसरा दुकानदार बघा. वर लांबीला दोन्ही बाजूंनी दोन इंची काचपट्ट्या चिकटवून घ्या, म्हणजे पुढची काच फुगत नाही. सिलिकॉन टँकसाठीचंच हवं. बाथरूमच्या टाइल्ससाठी जे येतं त्यात बुरशीनाशक असतं, ते माशांना विष आहे. टँक आल्यावर जमिनीवर थर्माकोलची शीट घालून त्यावर पूर्ण भरा आणि ४८ तास तसाच ठेवा. कोपऱ्यांवरून टिश्यू पेपर फिरवला की न दिसणारी गळतीही कळते.

स्टँड एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचा, रेड ऑक्साइड आणि वर रंग मारलेला. आपल्या खाऱ्या हवेत नुसता काळा रंग वर्षभरही टिकत नाही. वर १८ मिमी मरीन प्लाय. पार्टिकल बोर्डाचं तयार कपाट पाण्याच्या चार शिंतोड्यांत फुगतं आणि एका बाजूला बसतं. मग टँकला पीळ पडून तळाची काच तडकते. प्लाय आणि टँक यांच्या मध्ये १० मिमी थर्माकोल घालाच. रिकाम्या टँकवर लेव्हल धरून पाहा. फरक असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली घाला, टँकखाली कधीच नाही.

जागा निवडताना पश्चिमेची खिडकी, एसीचा थेट झोत, फ्रिजचा माथा आणि गॅसची शेगडी टाळा. फोडणीचा तेलकट धूर पाण्यावर पातळ तवंग धरतो आणि ऑक्सिजनची ये-जा मंदावते. वन बीएचकेत हॉलची आतली भिंत बहुधा सगळ्यात योग्य ठरते. बाथरूमपासून पाइप पोहोचेल एवढ्या अंतरावर ठेवा. नाहीतर दर रविवारी बादल्या वाहायचा कंटाळा येतो आणि पाणी बदलणं आधी पंधरवड्यावर, मग महिन्यावर जातं.

फिल्टर

खोक्यावर लिहिलेल्या प्रवाहातला निम्मा-पाऊण भागच प्रत्यक्षात मिळतो, कारण तो आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. १६० लिटरसाठी ताशी १००० ते १२०० लिटर लिहिलेला हँग-ऑन (टँकच्या काठाला टांगायचा) किंवा टॉप (टँकच्या माथ्यावर बसणारा) फिल्टर, आणि सोबत एअर पंपावरचे दोन स्पंज फिल्टर, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा फिल्टर, दिसायला नीटनेटका, पण बंद डबा असल्यामुळे वीज तास-दोन तास गेली की आतल्या, अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंचा ऑक्सिजन संपतो, आणि परत सुरू करताना आतली घाण टँकमध्ये येते. ओरांडा पोहण्यात मंद असतो. फिल्टरचा झोत त्याला ढकलत असेल तर पाणी काचेवर आपटून पसरेल अशी दिशा द्या.

एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. तो नसेल तर वीज जाताच टँकमधलं पाणी नळीतून उलटं पंपात आणि पंपातून एक्स्टेंशन बोर्डात उतरतं. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळ वायरच्या तळाशी गळून पडेल. आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) नसलेल्या जुन्या वायरिंगवर टँक चालवू नका.

स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, दोन-तीनदा पिळून. नळाखाली धरला तर क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि फिल्टर नव्यासारखा निरुपयोगी होतो. ‘फिल्टर स्वच्छ केला आणि तिसऱ्या दिवशी मासे गेले’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मुंबईचं पाणी

याबद्दल सविस्तर लिहितो, कारण परदेशी माहिती वाचून इथे सर्वांत जास्त फसगत पाण्यापाशी होते.

पालिकेचं पाणी येतं अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून. म्हणजे ते बेसाल्टच्या डोंगरांवरचं पावसाचं पाणी आहे, क्षार कमी, मृदू. आपल्याला प्यायला आणि डाळ शिजायला उत्तम. गोल्डफिशला मात्र थोडं जड पाणी मानवतं, आणि मोठी अडचण फिल्टरची आहे. अमोनियाचं कमी घातक नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, खातात: १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. मुळात कमी क्षारतेच्या पाण्यात दोन मोठे गोल्डफिश असले आणि पाणी तीन आठवडे बदललं नाही, तर ती संपते. पीएच (७ च्या खाली गेला की पाणी आम्लधर्मी) ७.५ वरून घसरून ६ च्या आसपास येतो, जिवाणूंचं काम थंडावतं आणि अमोनिया साचू लागतो.

गंमत अशी की तेव्हाही मासे बऱ्यापैकी दिसतात. आम्लधर्मी पाण्यात बहुतेक अमोनिया अमोनियमच्या, म्हणजे फारसा त्रास न देणाऱ्या रूपात असतो. ३० अंश तापमानाला पीएच ६.५ असेल तर विषारी हिस्सा पाव टक्का. पीएच ८ झाला की साडेसात टक्के. मग कोणीतरी म्हणतं टँक फार घाण झाला, सगळं पाणी बदलू. त्या दिवशी नेमका टँकर आलेला असतो, पाणी बोअरवेलचं, जड, पीएच ८. अर्धा टँक बदलताच उरलेल्या अमोनियातला विषारी हिस्सा तीस पटींनी वाढतो आणि संध्याकाळपर्यंत मासे आडवे. दोष टँकरच्या पाण्याला लागतो. खरा दोष आधीच्या तीन आठवड्यांचा असतो. असा दुर्लक्षित टँक हाती आलाच, तर रोज १०-१५ टक्के, सारख्याच प्रकारच्या पाण्याने, आठवडाभर बदलत जायचं.

हे टाळायला फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत दोन मुठी शिंपल्यांचा किंवा पोवळ्याचा चुरा ठेवा. पीएच घसरू लागला की तो आपोआप विरघळतो. लगेच क्षारता वाढवायची असेल तर खायचा सोडा: १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की क्षारता १ जर्मन अंशाने (क्षारता मोजायचं एकक) वाढते. एका दिवसात याहून जास्त नको, आणि आधी अमोनिया तपासून, तो शून्याजवळ असेल तरच. सोडा साधा घ्या, पापडखार किंवा बेकिंग पावडर नव्हे. आरओचं पाणी टँकमध्ये घालणं तर उलट्या दिशेने जाणं आहे. त्यात उरलीसुरली क्षारताही नसते.

क्लोरीन काढायला पाणी उघड्या ड्रममध्ये एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवणं पुरतं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला दुकानात हायपो किंवा अँटी-क्लोरीन म्हणतात. १० ग्रॅम खडे १०० मिलि पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. १०० लिटर नव्या पाण्याला त्यातलं १० मिलि. पावसाळ्यात गढूळपणामुळे क्लोरीन वाढवलेलं असतं; पाण्याला ब्लीचिंगचा वास आला की मात्रा दुप्पट करा. थोडी जास्त झाली तरी मासे बिघडत नाहीत.

सोसायटीच्या फलकावर टाकी धुण्याची सूचना लागली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचं नाही. धुतल्यावर ब्लीचिंग पावडरचा साका तळाशी राहतो आणि पहिलं पाणी नळाच्या नेहमीच्या क्लोरीनपेक्षा कितीतरी तीव्र असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट घालू नका; ते हाताला चटका देण्याइतकं गरम असतं. सकाळी भरून ठेवलेलं, खोलीच्या तापमानाला आलेलं पाणीच घाला. फरक दोन अंशांपेक्षा जास्त नको.

साठवणीसाठी ४०-४० लिटरचे दोन झाकणाचे ड्रम पुरतात. झाकण किंवा जाळी विसरू नका, आणि आठवड्यातून एकदा ड्रम रिकामे करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते. मासे असलेल्या टँकमध्ये अळी टिकत नाही, गोल्डफिश ती आवडीने खातात. अडचण शेजारच्या बिनमाशांच्या ड्रमची असते, आणि तपासणीला आलेले पालिकेचे कर्मचारी नेमकं तिथेच टॉर्च मारतात. ड्रममधून टँकमध्ये पाणी चढवायला १५-२० वॉटचा छोटा सबमर्सिबल पंप आणि अर्धा इंची नळी घ्या. काढलेलं पाणी कुंड्यांना आणि फ्लशला वापरा.

उन्हाळ्यात पाणीकपात लागली की आधी खाद्य निम्मं करा. निम्मं खाद्य म्हणजे निम्मा अमोनिया, मग २५ टक्के बदलीवर निभावतं. निरोगी प्रौढ गोल्डफिशला आठवडाभर अजिबात खायला मिळालं नाही तरी काही होत नाही. गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाद्याची डबी देण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

फिल्टर तयार होईपर्यंत

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू नसतात. ते वाढायला आपल्या २८-३० अंशांत तीन ते पाच आठवडे लागतात. मासे आणायच्या आधी टँक तयार करता आला असता तर १०० लिटरला ०.६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घालून लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया करता आला असता, आणि तो २४ तासांत शून्य होऊ लागेपर्यंत थांबता आलं असतं. तुमचे मासे आधीच घरी आहेत, म्हणून दुसरा मार्ग: ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून घ्या. पाण्यात बुडवूनच आणा, वाळू देऊ नका. तो टबातल्या स्पंजाशेजारी ठेवा. बाटलीतल्या ‘जिवाणूं’पेक्षा या तुकड्यावर जास्त विश्वास ठेवावा.

अमोनिया आणि नायट्राइटचं (अमोनियाचं नायट्रेट होताना मध्ये लागणारी विषारी पायरी) थेंबांचं किट घ्या. पट्ट्या अंदाज देतात, आकडा नाही. पहिला महिना रोज तपासा. दोन्हींपैकी काहीही लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याच दिवशी ४० टक्के पाणी बदला. नायट्राइट वाढला तर लिटरला १ ग्रॅम खडे मीठ घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात जाण्यापासून अडवतो. नायट्राइट उतरला की मीठ पाणीबदलीसोबत निघून जाऊ द्या. पुढे दर आठवड्याला नायट्रेट पाहा, लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली हवा.

उकाडा, वीज, धूर

गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. १८ ते २४ अंश त्याच्या आवडीचे; गोल जाती २७-२८ पर्यंत आनंदात असतात. मुंबईत मे आणि ऑक्टोबरमध्ये टँक ३०-३१ वर जातो. हीटर दुकानदाराने सेटमध्ये दिला असेल तर परत करा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांत ७.५, आणि उष्ण पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून उन्हाळ्यात दोन्ही स्पंज फिल्टर चोवीस तास चालू. रात्री आवाज नको म्हणून पंप बंद करणाऱ्यांचे मासे पहाटे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात.

काचेचं पूर्ण झाकण काढून जाळी लावा आणि टेबल फॅन पृष्ठभागावर तिरका सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. जुलैच्या दमट हवेत फॅनचा उपयोग कमी, पण तेव्हा पाणीही आपोआप २७ च्या आसपास असतं. बर्फाच्या बाटल्या टाकू नका. तासाभरात चार अंश खाली आणि रात्रीत परत वर, हा झोका स्थिर ३० अंशांपेक्षा वाईट.

मुंबईत वीज फारशी जात नाही म्हणून लोक गाफील राहतात. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या शहराची गेली तेव्हा काही भागांत ती यायला बरेच तास लागले. यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि चार्ज केलेली पॉवर बँक स्टँडखाली असू द्या.

एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. त्या हवेत जे असेल ते पाण्यात मिसळतं. डास-झुरळांच्या फवाऱ्यांमधली पायरेथ्रॉइड औषधं माणसाला सौम्य, माशाला जहाल. रस्त्यावर धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, टँकवर ओला टॉवेल टाका आणि पंप अर्धा तास बंद ठेवा. हँग-ऑन फिल्टर चालू राहू द्या. पेस्ट कंट्रोल, दिवाळीचा रंग आणि गणपतीतला धूप यांनाही हाच नियम.

आत काय ठेवायचं

फार काही नाही. तळ मोकळा ठेवला तरी चालतो आणि साफ करायला तोच सोपा. खडे हवेतच तर माशाच्या तोंडात न मावणारे, तीन सेंटिमीटरहून मोठे, गुळगुळीत. वाटाण्याएवढे रंगीत खडे घशात अडकतात. टोकदार प्लास्टिकची झाडं ओरांड्याची शेपटी फाडतात. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधून ठेवा. बाकी बहुतेक वनस्पती म्हणजे कोशिंबीर. मनी प्लांटच्या फांद्या टँकच्या काठावर जाळीच्या डब्यात, फक्त मुळं पाण्यात येतील अशा लावल्या तर नायट्रेट चांगला शोषतात.

कॉमेटचं काय करायचं

तो आणि ओरांडा एकत्र ठेवण्यात अडचण खाण्याची. कॉमेट झपाट्याने येऊन सगळं फस्त करतो, ओरांडा पोहोचेपर्यंत पाणी रिकामं. सुरुवातीचे सहा-आठ महिने ३ फुटी टँकमध्ये दोघं राहतील. तोवर ओरांड्याला बुडणारं खाद्य वेगळ्या कोपऱ्यात द्या. नंतर ज्यांच्याकडे बंगल्याच्या अंगणात किंवा गावाकडे हौद आहे, त्यांना तो द्या. हौद किमान हजार लिटरचा, अर्धा सावलीत आणि वर जाळी असलेला हवा. कावळा, खंड्या आणि मांजर तिघंही लाल रंग लांबून हेरतात. असं कोणी मिळालं नाही तर ज्या दुकानातून आला तिथे परत करा. बरेच दुकानदार मोफत आलेला मोठा मासा खुशीने घेतात.

पवई तलावात, बाणगंगेत किंवा विसर्जनाच्या तळ्यात सोडणं हा पर्याय नाही. तगला तर तळ उकरून पाणी गढूळ करतो, स्थानिक माशांची अंडी खातो आणि टँकमधले परजीवी तिथे नेतो. रिकाम्या झालेल्या जागी दुसरा ओरांडा, र्‍युकिन किंवा ब्लॅक मूर असा गोलमटोल जातीचाच मासा आणा. नवा मासा आधी तीन आठवडे त्याच ५० लिटरच्या टबात वेगळा ठेवा. टब त्यासाठी जपून ठेवा. क्रॉफर्ड मार्केटहून आणणार असाल तर सकाळी लवकर जा, म्हणजे दुपारच्या लोकलमध्ये पिशवी तापणार नाही. घरी आल्यावर पिशवी २० मिनिटं टबात तरंगत ठेवा, मग मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता.